पेनल्टी शॉट कधी आणि थेट गोल कधी? गोलीच्या आईकडून आइस हॉकीचे नियम

माझी मुलगी कॅनडातल्या मिसिसागात आइस हॉकी खेळते आणि ती गोली, म्हणजे गोलरक्षक, आहे. त्यामुळे रिंकवर शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाची समजूत अशी, की नियम हिलाच विचारावेत. भारतातून नुकतीच आलेली कुटुंबं तर हमखास विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून दोनच: "बाकीचे सगळे बाजूला उभे आणि हा एकटाच शॉट मारतोय, असं का?" आणि "अहो, तुमची मुलगी जाळं सोडून कुठे निघाली?" दोन्ही उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकदमच सांगते. नियम एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, सांगतेय. मुलांच्या लीगमध्ये बारीकसारीक फरक असतात, तेव्हा आपल्या लीगचं नियमपुस्तक एकदा चाळा. कोचशी हुज्जत घालायच्या आधी चाळा, एवढीच विनंती.

साध्या फाउलला शिक्षा ठरलेली: दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसायचं. पण समजा एखादा खेळाडू सगळ्यांना मागे टाकून एकटा गोलीवर चालून गेलाय आणि मागून कोणी त्याच्या पायात स्टिक घालून त्याला पाडलं. दोन मिनिटांत हिशेब मिटत असेल, तर प्रत्येक बचावपटू बिनदिक्कत पाडेल. म्हणून नियम म्हणतो, हिरावलेली संधी परत करा. ती संधी म्हणजे पेनल्टी शॉट. आणि समोर गोलीच नसेल तर? मग हिरावलेली गोष्ट संधी नव्हे, गोलच होता. तेव्हा गोलच देऊन टाकतात, शॉट न मारता. एवढं ध्यानात ठेवलंत तर बाकीचे नियम आपोआप जागेवर बसतात.

आता रेफरी काय बघतो ते तुम्हीही बघा. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, खेळाडूच्या ताब्यात होता का, किंवा नक्की येणार होता का? तो स्वतःच्या ब्लू लाइनच्या, म्हणजे आपल्या बचावाच्या भागाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेच्या, पुढे निघून आला होता का? फाउल मागून झाला का? त्याच्या आणि गोलीच्या मध्ये समोरच्या संघाचा कोणी होता का? आणि शेवटचं, ज्यावर गॅलरीत सगळ्यात जास्त आरडाओरड होते: गोल करण्याची वाजवी संधी खरोखर गेली का? पडता पडता त्याने कसाबसा शॉट मारला, म्हणजे संधी मिळालीच, असं धरत नाहीत. रेफरी हात वर करतो, पक फाउल करणाऱ्या संघाकडे जाईपर्यंत थांबतो, मग शिट्टी वाजवून बर्फाच्या मधल्या ठिपक्याकडे बोट दाखवतो. बाजूचा बचावपटू दोन पावलं पुढे होता, तर पेनल्टी शॉट नाही, नुसती दोन मिनिटं. हे गॅलरीतून तिरकं दिसतं, म्हणून मी शक्यतो ओरडत नाही.

पेनल्टी शॉटला ब्रेकअवेच, म्हणजे असं एकट्याने गोलीवर चालून जाणंच, लागतं असं नाही. क्रीझमध्ये, म्हणजे जाळ्यासमोरच्या निळ्या अर्धवर्तुळात, गोली सोडून दुसऱ्या कोणी पकवर हात ठेवला किंवा अंग टाकून तो झाकला तरी मिळतो. ५ जून २००६ रोजी एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, फायनलच्या पहिल्या सामन्यात कॅरोलिनाच्या निकलस वॉलिनने हेच केलं. एडमंटनच्या ख्रिस प्रॉन्गरने तो शॉट घेतला आणि कॅरोलिनाचा गोली कॅम वॉर्ड याला चकवलं. स्टॅनली कप फायनलमध्ये पेनल्टी शॉटवर झालेला तो पहिलाच गोल. प्रॉन्गर बचावपटू! अशा फाउलला ठरावीक कोणी पाडलेला नसतो, म्हणून त्या क्षणी बर्फावर असलेल्यांपैकी कोणालाही पाठवता येतं. खेळाडूला पाडलं असेल तर मात्र शॉट त्यानेच घ्यायचा, तो जखमी असला तरच दुसरा. बचाव करताना पकवर स्टिक भिरकावली, किंवा ब्रेकअवेच्या वेळी मुद्दाम जाळं हलवलं, तरीही हीच शिक्षा.

शॉटच्या वेळी पक मधल्या ठिपक्यावर ठेवतात, बाकीचे खेळाडू बाजूला होतात आणि घड्याळ बंद असतं. आपल्या मैदानी हॉकीतला पेनल्टी स्ट्रोक ठरलेल्या जागेवरून मारतात. इथे खेळाडू पक घेऊन स्केटिंग करत येतो. पक सतत गोललाइनच्या दिशेने पुढे सरकत राहिला पाहिजे. शॉट मारला की संपलं. गोलीच्या पॅडला लागून पक समोर आला आणि खेळाडूने तो परत ढकलला, तर तो गोल नाही. फक्त पोस्टला किंवा आडव्या दांडीला लागून, मग गोलीच्या अंगाला लागून पक थेट आत गेला तर चालतो. गोल झाला तर पुढचा फेसऑफ, म्हणजे दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकून खेळ पुन्हा सुरू करणं, मध्यभागी, नाही झाला तर त्याच गोलीच्या टोकाला. आणि दोन मिनिटांचा फाउल असेल तर शॉट चुकला तरी ती दोन मिनिटं बसावी लागत नाहीत. हे ऐकून बरेच जण चिडतात. पण पेनल्टी शॉट साधारण तीनात एकदा आत जातो आणि पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू बॉक्समध्ये बसलेला असताना, गोल त्याहून कमी वेळा होतो. म्हणजे सौदा वाईट नाही.

पेनल्टी शॉटला सगळे शॉट मारणाऱ्याकडे बघतात. तुम्ही गोलीकडे बघा. शॉटच्या आधी ती स्केटच्या धारेने क्रीझमधला बर्फ आडवा खरवडते, म्हणजे बाजूला सरकताना घसरायला नको. मग स्टिकने एकदा डावा पोस्ट, एकदा उजवा पोस्ट ठोकते. मागे वळून बघायची सोय नसते, ठोकून जागा पक्की करायची. समोरच्याने पकला स्पर्श करेपर्यंत क्रीझ सोडायची नाही, हा नियम. स्पर्श झाला रे झाला की ती झपकन पुढे येते. पुढे आल्यावर मागचं जाळं शॉट मारणाऱ्याला कमी दिसतं. मग त्याच्याच वेगाने मागे मागे सरकत जाते. लवकर मागे गेली तर वरचे कोपरे मोकळे, उशीर केला तर तो बाजूने वळसा घालून जातो. सगळा खेळ या मागे सरकण्याच्या वेगात आहे. कोणत्याही रीतीने अडवा, पण स्टिक किंवा दुसरं काही फेकायचं नाही. फेकलं तर गोल दिला जातो.

आता रिकामं जाळं. गोलीला बाहेर बोलावतात दोन वेळा. पहिली वेळ बिनधोक: समोरच्या संघाचा फाउल झालाय, रेफरीचा हात वर आहे, पण पक आपल्याकडे आहे म्हणून खेळ चालू आहे. त्यांनी पकचा ताबा घेतला की लगेच शिट्टी, म्हणजे ते गोल करू शकत नाहीत. तेवढ्यात गोली बेंचकडे धावते आणि तिच्या जागी सहावा हल्लेखोर येतो. धोका एकच, आपलाच पास आपल्याच जाळ्यात. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी कोलोरॅडो रॉकीजचं नेमकं हेच झालं. त्यांच्या खेळाडूचा पास भलतीकडे गेला आणि सरळ त्यांच्याच रिकाम्या जाळ्यात शिरला. त्याआधी पकला शेवटचा स्पर्श न्यूयॉर्क आयलँडर्सचा गोली बिली स्मिथ याचा होता, म्हणून गोल त्याच्या नावावर लागला. एनएचएलमध्ये गोलीच्या नावावर लागलेला हा पहिला गोल!

दुसरी वेळ शेवटच्या मिनिटांतली. संघ एका गोलने मागे आहे, हरणारच असू तर दोनने हरलो काय नि एकने काय. तेव्हा माझी मुलगी पकपेक्षा कोचकडे जास्त बघते. आपला खेळाडू पक ताब्यात घेऊन समोरच्यांची ब्लू लाइन ओलांडतो, कोच हात हलवतो आणि ती निघते. ती बेंचपासून पाच फुटांच्या आत येईपर्यंत सहाव्याने बर्फावर उतरायचं नाही. घाई केली तर खेळ थांबतो आणि फेसऑफ मध्यभागी, म्हणजे कमावलेली चढाई वाया.

याचा उपयोग होतो का? टोरंटोत हा विषय काढताना १३ मे २०१३ ही तारीख तेवढी टाळा. टोरंटोचा संघ मेपल लीफ्स प्लेऑफ मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात बॉस्टनविरुद्ध ४-१ ने पुढे होता. फरक दोन गोलांवर आल्यावर बॉस्टनने गोली काढला, शेवटच्या दीड मिनिटात दोन गोल करून बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये सामना जिंकला. सोची ऑलिंपिकच्या महिला फायनलमध्ये, २० फेब्रुवारी २०१४ ला, कॅनडाचं जाळं रिकामं असताना अमेरिकेच्या केली स्टॅकने दुरून मारलेला पक घरंगळत येऊन पोस्टला लागला. आत गेला असता तर ३-१, सुवर्णपदक अमेरिकेला. थोड्याच वेळात मारी-फिलिप पुलँने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममधला गोलही तिचाच.

पुढे असलेल्या संघासाठी सावधगिरीची गोष्ट म्हणजे आयसिंग. स्वतःच्या अर्ध्या भागातून रिकाम्या जाळ्यावर मारलं आणि चुकलं, तर पक गोललाइन ओलांडून जातो, आयसिंग होतं, फेसऑफ पुन्हा आपल्याच जाळ्यापाशी आणि दमलेले खेळाडू बदलताही येत नाहीत. त्यापेक्षा मधली लाल रेषा ओलांडा, मग मारा. लहान मुलांना हे सांगून सांगून कोचचा घसा बसतो.

आणि आता थेट गोल. समोरचं जाळं रिकामं आहे, आपला खेळाडू पक घेऊन निघालाय, पुढे कोणी नाही आणि मागून कोणी त्याला पाडलं किंवा त्याच्यावर स्टिक भिरकावली. इथे रेफरी थांबत नाही. ताबडतोब शिट्टी आणि गोल. रिकाम्या जाळ्याच्या क्रीझमध्ये पकवर कोणी अंग टाकलं तरी गोल. मात्र फाउल हवाच. ४ जानेवारी २००७ रोजी डॅलसचा पॅट्रिक स्टेफान एडमंटनच्या रिकाम्या जाळ्यासमोर अगदी एकटा होता. पक त्याच्या स्टिकवरून उडाला, तो स्वतःच पडला, एडमंटनने तोच पक पलीकडे नेला आणि दोन सेकंद उरले असताना बरोबरी केली. त्याला कोणी हातही लावला नव्हता, म्हणून रेफरीला द्यायला काही नव्हतं. डॅलस शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी सुटली नाही की एकेका खेळाडूने गोलीवर शॉट मारून निकाल लावतात त्यात, जिंकलं, नाहीतर बिचाऱ्याला गावात राहणं मुश्कील झालं असतं.

एनएचएलच्या साखळी सामन्यात ओव्हरटाइमला गोली काढण्याची किंमत आणखी मोठी. बरोबरीमुळे एक गुण आधीच खिशात असतो, पण रिकाम्या जाळ्यात गोल खाल्लात तर तोही जातो. समोरच्याचा फाउल झाल्यामुळे गोली बाहेर आला असेल तेवढी सूट. मार्च २०२४ मध्ये मिनेसोटाने वेगसविरुद्ध हा जुगार खेळला आणि मॅट बोल्डीच्या गोलवर ते जिंकले.

सामन्यानंतर स्कोअरशीट बघताना हे लक्षात असू द्या: थेट दिलेला गोल पाडल्या गेलेल्या खेळाडूच्या नावावर लागतो. रिकाम्या जाळ्यातला गोल संघाच्या खात्यात जातो, गोलीच्या सरासरीत धरत नाहीत. शूटआउटमधलेही धरत नाहीत. पेनल्टी शॉटवरचा मात्र धरतात, मग फाउल तिच्या बचावपटूने केलेला का असेना. घरी जाताना गाडीत त्यावर बोलणं होतंच.