खाऱ्या वाऱ्यात हीट पंप कुठे बसवाल?

कोकणात घर उबदार करायला हीट पंप कुणाला लागणार! पण आंघोळीच्या पाण्यासाठी तो इथल्या हवेला फार मानवतो. गिझर वीज जाळून उष्णता करतो, हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. 27 अंशांचं 200 लिटर पाणी 52 अंशांवर न्यायला गिझरला जवळपास 6 युनिट लागतात, तेच काम आपल्याकडच्या दमट, उबदार हवेत हा साधारण 2 युनिटमध्ये करतो. पावसात सोलर रुसतं तेव्हाही चालतो. होमस्टेवाल्यांनी जरूर विचार करावा. दोघांच्या घराला मात्र छोटा गिझर पुरे (आणि न्हाणीत नारळाच्या सोडणांवर तापणारा बंब असेल तर काही बोलायलाच नको).

खरा शत्रू खारा वारा. बाहेरच्या जाळीच्या अॅल्युमिनियमच्या पात्या तो खाऊन टाकतो. घेतानाच गंजरोधक लेप दिलेल्या पात्या मागा. यंत्र समुद्राच्या बाजूला नको, घराच्या मागे, छपराखाली पण चारी बाजूंनी मोकळ्या पडवीत ठेवा. कोंदट खोलीत ते स्वतःचीच गार हवा पुन्हा ओढत बसतं. महिन्यातून एकदा, वीज बंद करून, पात्यांवर गोड्या पाण्याची हलकी धार मारा. जोराचा फवारा नको, पात्या वाकतात.

विहिरीचं पाणी मचूळ असेल तर टाकीतला अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी धातूची कांडी) दरवर्षी तपासून घ्या. यंत्रातून टपकणारं पाणी गळती नव्हे, हवेतलाच दमटपणा. त्याची नळी माडाच्या आळ्यात सोडा.