फेरेटला फ्लू झाला तर

घरात कुणी फ्लूने आडवं झालं आणि दोन-तीन दिवसांत फेरेट (घरात पाळला जाणारा, मुंगसासारखा दिसणारा छोटा मांसाहारी प्राणी) शिंकू लागला, तर बहुतेक वेळा त्याने तो माणसाकडूनच घेतलेला असतो. उलटही होतं. १९३३ साली लंडनमध्ये रुग्णांच्या घशातला स्राव फेरेटच्या नाकात घालूनच माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला, आणि पुढे तिथल्याच एका फेरेटच्या शिंकेने एका संशोधकाला फ्लू झाला.

एखाद-दुसरी शिंक धुळीचीही असते. सारख्या शिंका, पाण्यासारखं नाक, पाणावलेले डोळे, मलूलपणा आणि सोडलेलं खाणं हे सगळं एकत्र दिसलं, तर फ्लूचा संशय घ्या. थर्मामीटरवर फार भिस्त ठेवू नका. फेरेटचं नेहमीचं तापमानच ३७.८ ते ४० अंश सेल्सियस असतं, शिवाय पकडल्यावर तो झटापट करतो आणि आकडा आणखी चढतो.

खरी भीती डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूच्या आजाराची. त्यात डोळ्या-नाकातून घट्ट, चिकट स्राव येतो, हनुवटीवर पुरळ उठून खपल्या धरतात, पंजांच्या गाद्या कडक होतात. फ्लू साधारण आठवडाभरात ओसरतो. डिस्टेंपरमधून फेरेट जवळपास कधीच वाचत नाही. डिस्टेंपरचं एकही लक्षण दिसलं, किंवा त्याची लस चुकलेली असेल, तर घरी वाट पाहू नका. दवाखान्यात आधी फोन करून जा, म्हणजे तो इतर जनावरांपासून वेगळा ठेवता येईल.

घरच्या शुश्रूषेत सगळ्यात महत्त्वाचं अन्नपाणी. फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे सरकतं, त्यामुळे उपास त्याला झेपत नाही. खात नसेल तर मांसाहारी प्राण्यांचं रिकव्हरी फूड (आजारपणात द्यायचं तयार अन्न) किंवा कांदा-लसूण-मीठ नसलेलं, शिजवून वाटलेलं चिकन कोमट पाण्यात पातळ करा आणि दर तीन-चार तासांनी द्या. सुई नसलेल्या सिरिंजने, ओठाच्या कोपऱ्यातून, थेंबाथेंबाने. प्रत्येक घोट गिळू द्या. समोरून जोरात सोडलं तर ते श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होतो. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. एक किलोचा फेरेट शंभर ग्रॅमने उतरला तर वाट न पाहता दवाखान्यात न्या.

नाक कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. खोली थंड आणि हवेशीर ठेवा. वाफ देण्याच्या नादात बाथरूम तापवू नका, फेरेटला उष्णता सोसत नाही. विक्स, निलगिरी, कापूर यातलं काहीही जवळ नको. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन त्याला विष आहेत, ‘अगदी थोडंसं’सुद्धा. उरलेलं अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. वर जिवाणूंचा संसर्ग झालाय का, ते डॉक्टर ठरवतील.

तोंड उघडं ठेवून श्वास, फासळ्या आत ओढल्या जाणं, निळसर हिरड्या किंवा उभं न राहता येणं दिसलं, तर त्याच तासाला निघा. २००९च्या एच१एन१ साथीत अमेरिकेत पाळीव फेरेटला लागण होऊन मृत्यूही झाला होता.

फेरेटसाठी फ्लूची लस मिळत नाही, म्हणून दरवर्षी ती तुम्ही घ्या. आजारी असाल तेव्हा त्याचं सगळं दुसऱ्याकडे सोपवा. ते जमत नसेल तर मास्क लावा, साबणाने हात धुवा, आणि तोंडाला तोंड लावून लाड मुळीच नकोत. बर्ड फ्लूमुळे कच्चं चिकनही टाळा.