बर्फातला एक सेकंद आणि माझी बी.कॉम.

मी कोल्हापूरचा, शिक्षणानं बी.कॉम. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी गुलमर्गला, भाड्याचे गमबूट घालून. तिथल्या चहाच्या टपरीवर एका तरुण स्कीपटूशी ओळख झाली. तो शर्यतींचे निकाल मोबाइलवर पाहत बोटांवर काहीतरी मोजत होता आणि दर वेळी वेगळं उत्तर येत होतं. मी म्हटलं, द्या इकडे. पुढचे दोन हंगाम त्याच्या ऑलिंपिक पात्रतेच्या पॉइंट्सचा सगळा हिशेब माझ्याकडे होता.

घरी सांगितल्यावर मामा म्हणाले, "पंचगंगेचा पूर बघत वाढलास, तुला बर्फातलं काय कळतंय रं?"

बर्फातलं नाहीच कळत, अजूनही नाही. टक्केवारी कळते. हिवाळी खेळांत काम करायची इच्छा असणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी आधी हेच सांगतो: स्की चालवता आली नाही तरी चालेल, नियमावली वाचता आली पाहिजे.

क्रिकेटवर पोसलेल्या डोक्याला पहिला धक्का बसतो तो पॉइंट्सचा. अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे डोंगरउतारावरच्या स्की शर्यतींत, पॉइंट्स जितके कमी तितके बरे, कोलेस्टेरॉलसारखं. जगातले सर्वोत्तम शून्याच्या आसपास असतात. स्लॅलमचं, म्हणजे बर्फात रोवलेल्या काठ्यांच्या 'गेटां'मधून नागमोडी उतरायच्या शर्यतीचं, सूत्र असं: तुमचा वेळ भागिले विजेत्याचा वेळ, त्यातून एक वजा, गुणिले 730. जायंट स्लॅलमला (तिथं गेटं लांब लांब असतात) 730 च्या जागी 1010. समजा विजेत्यानं दोन रन, म्हणजे उतरायच्या दोन फेऱ्या, मिळून 100 सेकंद घेतले आणि आमच्या गड्यानं 115, तर 730 च्या 15 टक्के म्हणजे 109.5. एवढ्यावर सुटका नाही. वर त्या शर्यतीची 'पेनल्टी' चढते. उतरलेले खेळाडू जितके तगडे, तितकी पेनल्टी कमी.

ही पेनल्टी समजल्यावर मला वाटलं, आपण जग जिंकलं. ऑस्ट्रियातली एक तगडी शर्यत शोधली. पेनल्टी कमी लागणार, म्हणजे पॉइंट्स कमी येणार, असा माझा सरळ त्रैराशिकाचा हिशेब. पण विजेताही तेवढाच वेगवान असतो, हे मी सोयीस्करपणे विसरलो. त्याहून मोठी चूक बिब नंबरची, म्हणजे उतरायच्या क्रमाची. पहिल्या पंधरा जणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, त्यांच्यानंतरचे सगळे पॉइंट्सप्रमाणे रांगेत. आमचा नंबर 118. तोवर गेटांभोवतीच्या बर्फात एवढ्या खोल चाऱ्या पडल्या होत्या, की पावसाळ्यातला आमचा गावाकडचा रस्ता बरा. सातव्या गेटला गडी आडवा. शर्यत पूर्ण नाही म्हणजे पॉइंट्स नाहीत. व्हिसा, भाडं, आरटीपीसीआर, सगळा खर्च त्या सात गेटांवर गेला. तो मला एक शब्दही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून मी शर्यत निवडताना पेनल्टीआधी मागच्या वर्षी उतरलेल्यांची यादी उघडून आपला बिब कितवा येईल ते पाहतो.

आता कोटा, म्हणजे ऑलिंपिकमधल्या जागा. बीजिंग 2022 ला अल्पाइनच्या एकूण जागा 306, निम्म्या पुरुषांच्या, निम्म्या स्त्रियांच्या. मोठ्या देशांनाही एका प्रकारात चारच खेळाडू उतरवता येतात, म्हणून ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडचे कितीतरी उत्तम स्कीपटू घरी बसून टीव्ही पाहतात. आपल्यासारख्यांसाठी 'बेसिक कोटा' असतो: देशाला एक पुरुष, एक स्त्री. त्यासाठी बीजिंगच्या वेळी स्लॅलम किंवा जायंट स्लॅलममध्ये शर्यतींच्या पॉइंट्सची सरासरी 160 च्या आत हवी होती. ही मेहेरबानी आहे अशी कुरकुर युरोपात ऐकू येते. माझ्या मते ती नसती तर हे ऑलिंपिक म्हणजे आल्प्सची जत्रा झाली असती.

अर्थात पळवाटाही निघतात. व्हायोलिनवादक व्हनेसा मे 2014 मध्ये थायलंडकडून सोचीत उतरली. ज्या शर्यतींवर ती पात्र ठरली, त्या स्लोव्हेनियातल्या शर्यतींचे निकाल गैरप्रकारांमुळे नंतर रद्द झाले आणि तिच्यावर बंदी आली. ती बंदी क्रीडा लवादानं उठवली, निकाल मात्र रद्दच राहिले. तेव्हा कुणी 'सोपी शर्यत लावून देतो' म्हणालं तर दोन पावलं मागे सरका.

सरळ वाटेनं काय होतं ते आरिफ खाननं दाखवलं. गुलमर्गच्या या खेळाडूनं नोव्हेंबर 2021 मध्ये स्लॅलमची पात्रता मिळवली ती दुबईत, मॉलमधल्या छताखालच्या बर्फावर! पुढच्याच महिन्यात मॉन्टेनेग्रोतल्या कोलाशिनला जायंट स्लॅलमचीही. बीजिंगला भारताचा तो एकटाच खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये 45वा आला, स्लॅलम पूर्ण झाली नाही. वाळवंटात बर्फ शोधण्याला कुणी हसेल, मी हसणार नाही. छोट्या उताराची, छोट्या यादीची शर्यत आपल्या हिशेबात बसते.

नवख्यांची आणखी एक गल्लत होते. बेसिक कोट्याची जागा देशाची असते, खेळाडूची नाही. दोघे मर्यादेच्या आत आले तरी पाठवायचा एकच, आणि तो कोण हे आपल्या देशात ठरतं. शर्यतीतली साधी एंट्रीसुद्धा राष्ट्रीय संघटनेकडूनच जाते, स्वतः ईमेल करून काही होत नाही. म्हणून तारखांची वही ठेवा. पॉइंट्सची यादी हंगामात वारंवार बदलते. मी एकदा जुन्या यादीवर आठवडाभर आकडेमोड करत बसलो होतो.

आमच्या गड्याची त्या काळातली सर्वांत चांगली स्लॅलम म्हणजे वर उदाहरणाला घेतलेलीच. 109.5 अधिक पेनल्टी 58, एकूण 167.5. त्या रात्री हॉटेलात त्यानं विचारलं, "160 ला किती कमी पडलं?"

"साडेसात पॉइंट्स."

"वेळात सांगा."

मी कॅल्क्युलेटर काढला. एक सेकंद, आणि वर शंभरातले तीन भाग. त्यानं दोन्ही रनचा व्हिडिओ लावला आणि पहिल्या गेटपासून पाहायला सुरुवात केली.