लिंबूगंधी निलगिरी : लागवड आणि निगा

निलगिरी म्हटले की सर्दीत हुंगायचे झोंबरे तेल आठवते. ते तेल मुख्यतः निळसर पानांच्या निलगिरीचे असते आणि त्याचा उग्र वास सिनिओल या घटकामुळे येतो. लिंबूगंधी निलगिरीच्या तेलात मात्र सिट्रोनेलालचे प्रमाण सर्वाधिक असते, त्यामुळे तिचे पान चुरगळताच लिंबाच्या सालीसारखा वास हाताला लागतो. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी यूकॅलिप्टस सिट्रिओडोरा असे होते. १९९५ मध्ये ते कोरिंबिया या प्रजातीत घेतले गेले, तरी बियांच्या पाकिटांवर दोन्ही नावे आढळतात.

सुगंधाच्या मोहात पडण्यापूर्वी जागेचा विचार करावा, कारण पुढे या झाडाची जागा बदलता येत नाही. मोकळ्या जमिनीत ते २५ ते ४० मीटर उंच होऊ शकते आणि मोठ्या झाडाच्या फांद्या कधी कधी वारा नसतानाही मोडून पडतात. म्हणून इमारत, सांडपाण्याची नळी आणि विजेच्या तारा यांपासून ते दूर असावे. दहा मीटर अंतरही मला कमीच वाटते. दिवसभर ऊन मिळणारी, पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन त्याला मानवते. जमीन फारशी सुपीक नसली तरी चालते, मात्र पाणी साचणारी नसावी. कोवळ्या रोपाला कडक हिमतुषार सोसत नाहीत, त्यामुळे अशा हवामानात ते कुंडीतच ठेवून थंडीत आत घ्यावे.

बी अगदी बारीक असते. भुसभुशीत, निचऱ्याच्या मिश्रणावर ते पसरावे आणि वर वाळूचा जेमतेम झाकेल एवढाच थर द्यावा. झारीच्या धारेने बी वाहून जाते, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यावी. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस असल्यास साधारण दोन आठवड्यांत उगवण दिसते. ओल जास्त झाली, तर रोपे मातीलगत मऊ पडून आडवी होतात. पानांच्या दोन जोड्या आल्या की प्रत्येक रोप खोल पिशवीत किंवा कुंडीत लावावे. लहान रोपाची पाने रुंद आणि केसाळ असतात, त्यामुळे भलतेच रोप उगवले की काय, अशी शंका येते. मोठ्या झाडाची अरुंद, गुळगुळीत पाने नंतर येतात. ओळख पटवायची असेल तर पान चोळून वास घ्यावा.

रोपवाटिकेतून रोप घेताना सर्वांत उंच रोप निवडण्याचा मोह टाळावा. मी एकदा पुरुषभर उंचीचे रोप आणले आणि तिसऱ्या वर्षी ते वाऱ्याने कलंडले. उपटून पाहिले तर मुळे पिशवीच्या आकारातच दोरीसारखी गुंडाळलेली होती, बाहेरच्या मातीत एकही जाड मूळ गेलेले नव्हते. तेव्हापासून मी वीतभर, फार तर हातभर उंचीचे रोप घेतो आणि पिशवीच्या तळाशी मुळांची वेटोळी तर नाहीत ना, हे आधी पाहतो. लावताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये आणि रोप पिशवीत होते त्यापेक्षा खोल पुरू नये. आधाराची काठी शक्यतो टाळावी. वाऱ्यात थोडे हलल्यानेच खोड जाड होते.

पहिली दोन वर्षे पाणी रोज थोडे देण्याऐवजी काही दिवसांनी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खाली उतरतात. दोन पाण्यांमध्ये वरची माती सुकू द्यावी. बुंध्याभोवती आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. खताची घाई नको, कारण नत्र जास्त झाल्यास शेंडा लांबतो आणि खोड मात्र किडकिडीत राहते.

कुंडीतल्या झाडाचे गणित वेगळे आहे. त्याला मुळांना वाव मिळेल अशी खोल कुंडी आणि अधिक नियमित पाणी लागते. शेंडा खुडत राहिल्यास ते आटोपशीर राहते. छाटणी नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास करावी. खोडावरच्या सुप्त डोळ्यांतून नवे फुटवे येतात, त्यामुळे जोमदार झाड कडक छाटणीही सोसते. आत ठेवलेल्या झाडाला हवा खेळती हवी, नाहीतर पानांवर भुरी, म्हणजे पांढरी भुकटीसारखी बुरशी, दिसू लागते.

वाढत्या झाडाची साल पापुद्र्यांनी गळून खाली पांढरट-गुलाबी, गुळगुळीत खोड दिसू लागते. हा रोग नव्हे. गळलेली साल आणि पाने मात्र लवकर पेट घेतात, म्हणून ती गोळा करावीत. ताज्या फांद्या जुडी बांधून सावलीत उलट्या टांगल्या तर सुगंध बराच काळ टिकतो. तेल मात्र पोटात घेऊ नये, ते विषारी ठरू शकते. लहान मुले आणि पाळीव प्राणी पाने चघळणार नाहीत, अशा उंचीवरच जुडी टांगावी.