पहिल्या समितीत ठराव न्यायचाय? आधी खर्चाचं विचारा

ऑक्टोबरात न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या पहिल्या समितीपुढे, म्हणजे निःशस्त्रीकरण बघणाऱ्या समितीपुढे, ठराव न्यायचा असेल, तर ओळखपत्र, चार्जर, न चावणारे बूट हे मी सांगत बसत नाही. पहिलं काम खर्चाचं. मसुद्यात ‘तज्ज्ञगट नेमावा’, ‘जिनिव्हात बैठका घ्याव्यात’ असलं काही आलं की सभागृह, सहा भाषांचे दुभाषे, कागदपत्रांची भाषांतरं, सगळ्याचा आकडा लागतो. महासभेच्या नियम 153 प्रमाणे महासचिवांचा खर्चाचा अंदाज जोडल्याशिवाय समितीला असा ठराव पुढे पाठवताच येत नाही. तो अंदाज करायला सचिवालयाला मतदानाआधी किमान 48 तास लागतात, आणि तिथे गयावया करून काही उपयोग नाही.

‘आहे त्या निधीतूनच भागवा’ असं कलमात टाकून सुटू, असं कोणीतरी शहाणा सांगेलच. ऐकू नका. अर्थसंकल्पाच्या सल्लागार समितीला हा शब्दप्रयोग नकोच आहे आणि पैशाचा विषय महासभेच्या पाचव्या, म्हणजे अर्थसंकल्प बघणाऱ्या समितीचा आहे.

मग जुनी मतदानं काढा, तीही परिच्छेदवार. ‘अण्वस्त्रमुक्त जगाकडे’ या दरवर्षीच्या ठरावात भारत, इस्रायल आणि पाकिस्तानने अण्वस्त्रप्रसारबंदी करारात बिनशर्त यावं असं कलम असतं. भारत त्याच्या विरोधात मत देतो. ‘मान्य झालेली भाषा’, म्हणजे आधीच्या ठरावात मंजूर झालेले शब्द, म्हणून तेच कलम उचलून आपल्या मसुद्यात चिकटवलंत, तर दिल्लीशी बोलायला तोंड राहणार नाही. उसन्या वाक्याबरोबर त्याची भांडणंही घरात येतात.

मागणी बेताची ठेवा. 2023 मध्ये ऑस्ट्रियाने स्वायत्त शस्त्रांवरचा (माणसाशिवाय स्वतःच लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या शस्त्रांवरचा) ठराव आणला, तेव्हा मुख्य मागणी महासचिवांनी देशांची मतं घेऊन अहवाल द्यावा एवढीच होती. समितीत 164 बाजूने, 5 विरोधात, 8 तटस्थ. त्या पाचांत भारत होता. आणि एवढ्याशा अहवालालाही भाषांतर लागतंच, म्हणजे पुन्हा खर्चाचं विचारा.

अनौपचारिक चर्चेत प्रत्येक सूचनेपुढे देशाचं नाव आणि वेळ लिहा. तडजोड बहुतेकदा बाहेर कॉफी पिताना होते; तिथे मान डोलावण्याआधी वही उघडा. कोणी गोड आवाजात ‘बैठकांचं आणखी एक सत्र घालू या’ म्हणालं, तर थांबा. सुधारित मसुदा म्हणजे नवा हिशोब. आधी एकदा विचारलं होतं, हे उत्तर चालत नाही. गेल्या वेळी माझं नेमकं इथेच अडलं आणि मतदान लांबणीवर पडलं. शब्द हलला की सचिवालयाला खर्चाचं विचारा. रात्री हलला तर सकाळी कार्यालय उघडताच विचारा.

पुढचं सोपं आहे. सहप्रायोजक गोळा करा, एखाद्या परिच्छेदावर वेगळं मतदान कोण मागणार ते हेरा. आपल्याच ठरावावर मताचं स्पष्टीकरण देता येत नाही, तेव्हा जे बोलायचं ते मांडतानाच बोला. खर्चाचा ठराव असेल तर पाचव्या समितीची वाट बघा. ऑस्ट्रियाचा ठराव समितीत 1 नोव्हेंबरला झाला, महासभेत 22 डिसेंबरला. परतीचं तिकीट त्या हिशोबाने काढा.