‘इनटू द वाइल्ड’वर निबंध लिहिताना लेखकाचा पक्षपात कसा तपासावा

१९९२ साली अलास्काच्या रानात, एका टाकून दिलेल्या बसमध्ये २४ वर्षांचा ख्रिस मॅककँडलेस मरण पावला. त्याच्यावरच्या जॉन क्रॅकॉर यांच्या ‘इनटू द वाइल्ड’ या पुस्तकावर (१९९६) नवखे विद्यार्थी लिहितात, तेव्हा बरेच निबंध ‘लेखक पक्षपाती आहे’ या वाक्यापाशीच अडकतात. पण आपण निःपक्षपाती चरित्रकार नाही, हे लेखकानेच सुरुवातीच्या टिपणात सांगितलंय. १९७७ मध्ये डेव्हिल्स थंब शिखरावर एकट्याने केलेल्या स्वतःच्या चढाईला त्याने दोन प्रकरणं दिली आहेत. कबुली उघडच आहे, त्यामुळे शोधायचं ते वेगळं: या जिव्हाळ्यामुळे पुराव्याचा अर्थ नेमका कुठे वाकला?

तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि मृत्यूविषयीचं प्रकरण पुन्हा वाचा. निळ्याने दाखवता येईल ते: रोजनिशी, फोटो, ६ सप्टेंबरला सापडलेला मृतदेह, त्याचं सुमारे ३० किलो वजन. हिरव्याने लोकांनी सांगितलेलं. लालने लेखकाचा तर्क. ‘कदाचित’, ‘असावं’ दिसलं की लाल. हमखास चूक होते ती हिरव्यात. मॅककँडलेसला रानाच्या तोंडाशी सोडणाऱ्या वाहनचालकाचं बोलणं अवतरणात आहे म्हणून ते निळं होत नाही. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दलची आठवण बदलते.

सगळ्यात जास्त वेळ द्या मृत्यूच्या कारणाला. जानेवारी १९९३ च्या लेखात क्रॅकॉर म्हणतात, मॅककँडलेसने खाण्याजोगी वनस्पती समजून चुकीची खाल्ली. १९९६ च्या पुस्तकात: वनस्पती बरोबर ओळखली, पण रानबटाट्याच्या बियांतच अल्कलॉइड प्रकारचं विषारी द्रव्य होतं. प्रयोगशाळेत ते सापडलं नाही. २००७ च्या आवृत्तीत बियांवरची बुरशी आली, २०१३ मध्ये ओडीएपी हे विष, २०१५ मध्ये एल-कॅनाव्हनीन. ३० जुलैच्या नोंदीत अशक्तपणाचा दोष बियांना दिलेला आहे, तेव्हा विषाची शंका हवेतून आलेली नाही. तरी एक विष बाद झालं की दुसरं पुढे येतं आणि साधी उपासमार मागेच राहते, हे नोंदवा. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असेल तर तो बेफिकीर ठरतो. बियांचं विष कुणालाच ठाऊक नसेल तर निर्दोष. लेखकाची माया आणि त्याचा निष्कर्ष इथे एकाच दिशेला जातात, म्हणून पुरावा इथेच सर्वांत कडकपणे मागायचा.

यावरून लगेच ‘लेखक खोटारडा’ असं मात्र लिहू नका. त्याने बियांची तपासणी करवून घेतली, आधीचे दावे जाहीरपणे बदलले. ही विश्वासार्हतेच्या बाजूची नोंद आहे आणि ती त्याच परिच्छेदात हवी.

गाळलेला मजकूर हा निराळा मुद्दा आहे. मॅककँडलेसच्या घरातल्या हिंसेबद्दल त्याची बहीण कॅरीनने २०१४ मध्ये ‘द वाइल्ड ट्रुथ’मध्ये लिहिलं. क्रॅकॉरना ते आधीच माहीत होतं, पण तिच्या विनंतीवरून त्यांनी ते छापलं नाही. यात पक्षपात नाही, पण आईवडिलांशी मॅककँडलेसने नातं का तोडलं हे १९९६ च्या वाचकाला पुरतं कळत नव्हतं.

मॅककँडलेसच्या टीकाकारांनाही याच पेन्सिली लावा. त्याची परतीची वाट अडवणाऱ्या टेकलानिका नदीवर जवळच हाताने ओढायचा तारेवरचा पाळणा होता, नकाशा असता तर तो सापडला असता, असं ते म्हणतात. पाळण्याची माहिती खुद्द क्रॅकॉर यांच्या पुस्तकातही आहे.

संदर्भ देताना आवृत्तीचं साल लिहायला विसरू नका. १९९६ ची आवृत्ती वाचून २००७ च्या बुरशीवर टीका करणारा निबंध तिथेच गुण घालवतो.