चरापुढे अडलेला घोडा फिरवू नका

घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं? न फिरवल्यामुळे. हे कोडं आपण सगळ्यांनीच लहानपणी सोडवलंय. क्रॉस-कंट्रीच्या, म्हणजे घोड्यावरून मोकळ्या रानातले पक्के अडथळे ओलांडायच्या मैदानावर घोडा अडला की कडेला उभे असलेले जाणकार तेच उत्तर ओरडून देतात: "फिरव त्याला, लांबून आण, जोरात आण!" भाकरीपुरतं ते बरोबर आहे. चरापुढे अडलेला घोडा फिरवलात तर त्याला एकच गोष्ट शिकवलीत: अडलं की सुटका होते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली आपला घोडेस्वार फवाद मिर्झा सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर अंतिम फेरीत गेला आणि 23वा आला. तेव्हापासून टेबलाएवढे ओंडके ओलांडायची हौस पुष्कळांना झालीय. माझी ना नाही. पण तुमचा घोडा रिंगणात तीन फुटांचे दांडे शांतपणे ओलांडतो, तुमची मांड पक्की आहे, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात संरक्षक जाकीट आहे, मैदानात दुसरं माणूस हजर आहे, हे मी धरून चालते.

आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला येतो तो रेसमधून निवृत्त झालेला घोडा. लगाम घट्ट झाला की त्यावर भार टाकून पळायचं, एवढंच त्याला ठाऊक असतं. मोकळ्या मैदानात कँटरवरून, म्हणजे हलक्या दौडीवरून, ट्रॉटवर, म्हणजे दुडक्या चालीवर, तो चार ढांगांत, ओढाताण न करता येत नसेल, तर आधी तेच करा. उड्या नंतर.

सुरुवात गुडघ्याएवढ्या ओंडक्याने, ट्रॉटवर. पक्क्या अडथळ्याची भीती स्वाराला जास्त असते. घोडा उलट त्याला मान देऊन नीट पाय उचलतो. मग टायर, पिंपं, छपराच्या आकाराचे अडथळे, टेबल. प्रत्येकाची बुटकी आवृत्ती आधी. समोरची बाजू उतरती असली की सोपं, सरळ उभी असली की अवघड. उभ्या अडथळ्याच्या पायथ्याशी एक ओंडका टाका, म्हणजे जमीन कुठे संपते ते घोड्याला कळतं. निळ्या पिंपाला बघून तो फुरफुरला तर नवल नको. घोड्याला निळा-पिवळा ठळक दिसतो, लाल आणि केशरी मात्र गवतात मिसळून जातात. तुमच्या हौसेचा केशरी रंग त्याच्या काही कामाचा नाही.

पाण्यात चालत जा, उभे राहा, बाहेर या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही पाणी 35 सेंटिमीटरपेक्षा खोल नसतं. इथे युक्ती नाही, वेळ लागतो.

आता चर.

बाकीचे अडथळे जमिनीतून वर येतात; चर म्हणजे जमीनच नाही. घोड्याचे डोळे बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, पण कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. उडी घेण्याच्या क्षणी चर त्याच्या नजरेआड गेलेला असतो. जे बघायचं ते आधीच, मान खाली घालून बघावं लागतं. त्यात उन्हातून सावलीत गेल्यावर त्याचे डोळे आपल्यापेक्षा सावकाश सरावतात. सकाळच्या तिरक्या उन्हात झाडाखालचा फूटभर चर त्याला विहीर वाटला तर त्याची काय चूक? पहिला चर सगळीकडे सारखं ऊन असेल अशाच जागी हवा.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे एक कुमाईत घोडी होती. दोन फुटांच्या चरापुढे ती थबकली, मागून लोक "मार, मार" म्हणाले आणि मी मारलं. तिने उभ्या जागेवरून हरणासारखी झेप घेतली, चार फूट उंच. मी मागे राहिले आणि माझं सगळं वजन लगामावर, म्हणजे तिच्या तोंडावर आलं. हे तीनदा झालं. त्यानंतर ती तबेल्याजवळचं वीतभर गटारही ओलांडेना. घोडी चराला भिते, असं मी कितीतरी महिने सांगत फिरले. ती माझ्या हातांना भीत होती.

म्हणून पहिला नियम: उडी कशीही येवो, तोंडाला झटका बसता कामा नये. रिकिबीचा जुना पट्टा घोड्याच्या मानेभोवती बांधा आणि चराच्या बऱ्याच आधी तो मुठीत धरा. उडी आल्यावर धरू म्हणणाऱ्याचा हात पट्ट्यापर्यंत पोचत नाही. लगाम लांब, टाचा खाली, धड सरळ. रिंगणातल्यासारखं पुढे झुकू नका. नजर पलीकडच्या झाडावर. चरात बघणारा स्वार मनाने आधीच चरात पडलेला असतो.

चर दीड फूट रुंद, फूटभर खोल, कोरडा. काठांना लाकडी फळ्या लावा, म्हणजे ते ढासळत नाहीत आणि कडा स्पष्ट दिसते. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत हे होणे नाही, दिवाळीनंतर खणा. लांबी पंधरा फूट तरी हवी, नाहीतर घोडा बगल देतो. जमल्यास एका टोकाला अरुंद आणि दुसऱ्या टोकाला रुंद असा खणा. अरुंद टोकाकडून सुरुवात करून रोज वीतभर सरकायचं.

जाणत्या घोड्याला पुढे ठेवा. मध्ये दोन-तीन घोड्यांचं अंतर. त्याहून जवळ गेलात तर तुमचा त्याच्या अंगावर उडी घेईल, लांब राहिलात तर त्याच्या पुढे असण्याचा उपयोग नाही. दोन्ही घोडे साध्या चालण्यावर.

तरी तुमचा थांबेल. थांबू द्या. बघू द्या, हुंगू द्या, मान पूर्ण मोकळी. डावीकडे, उजवीकडे आणि मागे या तीन दिशा बंद. पुढची कायम उघडी. पायांनी हलके इशारे, त्याने पुढे जायचा विचार जरी केला तरी इशारा बंद. दहा मिनिटं लागतील. मी वीस मिनिटंही बसलेय. घोड्याची निगा राखणारा सईस बिडी ओढून आला तरी आम्ही तिथेच. घोडा चरात उतरून पलीकडे चढला तरी चालेल, खोली फूटभर ठेवायची ती त्यासाठीच. पलीकडे गेला की दहा ढांगा सरळ जाऊ द्या, मानेवर थाप द्या.

चाबूक कधी? घोडा घाबरलाय की आळस करतोय हे ओळखता येत असेल तर, पायामागे एक टिचकी. ओळखता येत नसेल तर चाबूक सईसाकडे देऊन या. आणि घोडा मागच्या पायांवर उभा राहू लागला तर त्या दिवशी हट्ट सोडा. पुढच्या वेळी जाणता प्रशिक्षक सोबत हवा.

सोबतीने तीनदा झालं की एकट्याने, मग ट्रॉटवर, आणि चराकडे येताना कान टवकारायचे थांबले की कँटरवर. साधारण आठवडा. स्पर्धेत पहिल्यांदा अडला की 20 गुण दंड, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा 40, तिसऱ्यांदा बाद. तिथे बहुधा फिरवून आणावं लागतं, म्हणून घरी तरी ती सवय लावू नका.

चर जमला की ट्राकेनर, म्हणजे चरावर टांगलेला ओंडका. पूर्व प्रशियात 1732 साली स्थापन झालेल्या ट्राकेनन अश्वपैदास केंद्राचं हे नाव. दलदल उपसायला खणलेल्या चरांमध्येच तिथे कुंपणं असत. स्वाराच्या तोंडचं पाणी पळवणारा हा अडथळा घोड्याला साध्या चरापेक्षा सोपा जातो, कारण त्याला ओंडका दिसतो, चर तुम्हाला दिसतो. ओंडका आधी गुडघ्याएवढा ठेवा, बाकी काही नाही.

त्यापुढे कॉफिन: दांडा, चर, दांडा. आधी नुसता चर, मग चर आणि पलीकडचा दांडा, शेवटी अलीकडचा. कँटर आखूड आणि उसळता हवा. लांब ढांगांनी आलात तर पहिल्या दांड्यावरच त्याला खालचा चर दिसतो आणि विचार करायला जागा उरत नाही.

एक चांगली उडी झाली की थांबा. "अजून एकदा"च्या नादात सकाळभराची मेहनत वाया गेलेली मी पुष्कळ पाहिलीय. उतरा, खोगिराचा तंग सैल करा, घोड्याला चालत तबेल्याकडे न्या. वाटेत गटार आलं तर तेही ओलांडू द्या, मान मोकळी सोडून.